उडती जनुकं वाचतं कोण? वनस्पतींमधल्या ट्रान्सपोझॉनच्या प्रतिलेखनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुळात एम.एस्सी.च्या मुलांसाठी लिहायला घेतलं होतं. मग द्राक्षबागायतदारांचे, टिश्यूकल्चरवाल्यांचे आणि शेजारच्या बागवेड्या काकूंचेही प्रश्न आले, तेही इथेच घातले. क्रम पुस्तकातला नाही. जिथे गंमत आहे तिथे मी रेंगाळले आहे, बाकीचं भराभर उरकलं आहे.

‘उडती जनुकं’ म्हणजे नेमकं काय?

डीएनएचे असे तुकडे, जे जीनोममधली (म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएमधली) आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात, किंवा आहेत तिथेच राहून आपली नक्कल दुसरीकडे बसवतात. शास्त्रीय नाव ट्रान्सपोझॉन. पहिल्या प्रकाराला आम्ही कट-पेस्टवाले म्हणतो, दुसऱ्याला कॉपी-पेस्टवाले. कॉपी-पेस्टवाले वाटेत आरएनएचं रूप घेतात, म्हणून त्यांना रेट्रोट्रान्सपोझॉन म्हणतात.

संख्येनं हे प्रकरण किरकोळ नाही. मक्याचा जीनोम २००९ साली वाचून झाला, तेव्हा त्यातला सुमारे ८५ टक्के भाग यांचाच निघाला. गव्हातही तेवढाच. भातात एक तृतीयांशाहून जास्त. मक्याची कामाची जनुकं या गर्दीत जत्रेत हरवलेल्या पोरांसारखी विखुरलेली आहेत.

प्रतिलेखनाचा यात काय संबंध?

दहावीच्या पुस्तकात वाचलेलंच आठवा: डीएनएवरून आरएनए तयार होणं म्हणजे प्रतिलेखन. कॉपी-पेस्टवाल्यांत हा आरएनएच प्रवासाला निघतो. त्याच्यावरून पुन्हा डीएनए घडतो आणि तो नव्या जागी शिरतो. कट-पेस्टवाल्यांत आरएनए स्वतः कुठे जात नाही, पण उडी मारायला लागणारी कात्री, म्हणजे ट्रान्सपोझेज हे विकर, त्याच्यावरूनच बनतं. दोन्हीकडे वाचन झालं नाही तर उडी नाही. म्हणून झाडाची बरीचशी राखण वाचनाच्या पायरीवर एकवटलेली असते.

हे सगळं सापडलं कसं?

मक्याच्या दाण्यात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे ठिपकेदार मका पिकवून हे ताडलं. तेव्हा डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती. नोबेल मिळालं ते १९८३ साली.

असा एखादा दाणा हातात आला तर भिंगाखाली जरूर बघा. पार्श्वभूमी फिकट, वर जांभळे ठिपके. रंगाच्या जनुकात ‘डीएस’ नावाचा तुकडा घुसून बसला आहे, म्हणून दाणा फिकट. दाणा भरत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा निघून जातो, जनुक पुन्हा चालू होतं आणि त्या पेशीची पुढची सगळी पिलावळ जांभळी होते. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर टाचणीच्या टोकाएवढा. डीएसकडे स्वतःची कात्री नाही, ती ‘एसी’ नावाचा त्याचा भाऊबंद पुरवतो. मक्यात गोष्ट उलटी आहे: एसीच्या प्रती जितक्या जास्त, तितकं डीएसचं निघणं उशिरा आणि ठिपके बारीक. कात्री जास्त झाली की कापणं वाढेल असं कुणालाही वाटेल. मक्याला तसं वाटत नाही.

याच प्रयोगांच्या मालिकेत मॅक्लिंटॉक यांना असेही घटक दिसले जे काही पिढ्या गप्प राहतात आणि मग पुन्हा जागे होतात. डीएनएचा क्रम न बदलता वाचन चालू-बंद होतं, ही पुढे एपिजेनेटिक्स म्हणून गाजलेली गोष्ट त्यांनी कणसातच पाहिली होती.

रेट्रोट्रान्सपोझॉनचं वाचन सुरू कुठून होतं?

वनस्पतींत सगळ्यात जास्त बोकाळलेला गट एलटीआर रेट्रोट्रान्सपोझॉनचा. कोपिया आणि जिप्सी ही त्यातली दोन मोठी घराणी. यांच्या दोन्ही टोकांना सारखाच मजकूर असतो, त्याला एलटीआर म्हणतात. एलटीआरचे आत तीन भाग: यू-३, आर आणि यू-५. यू-३मध्ये प्रमोटर, म्हणजे वाचनाचं बटण. झाडाची नेहमीची जनुकं वाचणारं आरएनए पॉलिमरेज-२ (यापुढे पॉल-२) त्या बटणावर येतं, डावीकडच्या आरपासून वाचायला लागतं आणि उजवीकडच्या आरच्या शेवटी थांबतं.

आता कोणाच्या लक्षात येतंय का बघा: वाचन आरपासून सुरू झालं, म्हणजे डावीकडचं बटण आरएनएमध्ये आलंच नाही. मग नव्या प्रतीला बटण मिळतं कुठून? उजवीकडच्या यू-३मधून. आरएनएवरून डीएनए घडताना ते काम करणारं विकर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, मधूनच एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी घेतं आणि उजवीकडचा तुकडा डावीकडेही उतरवतं. सुरुवात करायला लागणारा ठोकळाही हा घटक घरचा आणत नाही, पेशीतला एखादा टीआरएनए (प्रथिन बनताना अमिनो आम्ल वाहून आणणारा छोटा आरएनए) उसना घेतो, बहुतेक वेळा मेथिओनिन या अमिनो आम्लाचा.

याचा एक फायदा आपल्याला होतो. नवी प्रत बसते तेव्हा तिचे दोन्ही एलटीआर तंतोतंत एकसारखे असतात. पुढे प्रत्येकात वेगवेगळी उत्परिवर्तनं साठत जातात. दोन्हींत किती अक्षरांचा फरक पडला हे मोजलं की ती उडी साधारण किती जुनी हे कळतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो.

एकाच आरएनएवरून सगळी प्रथिनं पुरेशी कशी बनतात?

गॅग नावाचं कवचाचं प्रथिन ढिगानं लागतं, विकरं थोडी पुरतात. अराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं बारकं तण, आमच्या क्षेत्रातला उंदीर म्हणा. त्यातल्या ‘एव्हेड’ नावाच्या कोपिया घटकात असं दिसलं की तो पूर्ण लांबीच्या आरएनएबरोबर स्प्लायसिंग (आरएनएतला मधला भाग कापून टोकं जोडणं) करून फक्त गॅगचा एक आखूड आरएनएही काढतो आणि त्यावरून कवचाचं प्रथिन भरपूर बनवून घेतो. इतर कोपिया घटकांतही ही युक्ती आढळली आहे.

सगळेच पॉल-२ वापरतात का?

नाही. साइन नावाचे आखूड घटक टीआरएनएच्या घराण्यातून आलेले असतात आणि त्यांना पॉल-३ वाचतं. त्यांचं बटण बाहेर नसून मजकुराच्या आतच असतं, त्यामुळे नवी प्रत बटणासकटच जाते. भातात सापडलेला पहिला साइन वॅक्सी जनुकात बसलेला होता. भात चिकट होणार की मोकळा, हे ठरवण्यात या जनुकाचा मोठा वाटा असतो.

मग झाड यांना गप्प कसं ठेवतं?

डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूणगाठ मारून (हेच मिथाइलेशन) आणि त्या भागातला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळून. ही गाठ सोडवली की काय होतं हे, ती टिकवायला लागणारं डीडीएम-१ हे प्रथिन नसलेल्या अराबिडॉप्सिसमध्ये दिसतं. मिथाइलेशन ढासळतं, झोपलेले घटक वाचले जायला लागतात आणि पिढ्या उलटतील तसतशी झाडं वेडीवाकडी होत जातात.

पण खूणगाठ कुठे मारायची हे कळतं कसं? इथेच या विषयाचं खरं नवल आहे. गप्प ठेवायचं तरी आधी वाचावं लागतं. वनस्पतींकडे पॉल-२पासूनच उत्क्रांत झालेली दोन जास्तीची पॉलिमरेजं आहेत, पॉल-४ आणि पॉल-५. प्राण्यांत ती नाहीत. पॉल-४ या घटकांचे तीस-चाळीस अक्षरांचे तुकडे वाचतं. त्याला चिकटूनच काम करणारं आरडीआर-२ लगेच त्याचा जोडधागा विणतं, डीसीएल-३ तो २४ अक्षरांच्या मापानं कापतं आणि त्यातला एक धागा आर्गोनॉट-४ या प्रथिनाच्या हाती पडतो. तिकडे पॉल-५ त्याच जागेवर बसून आणखी एक आरएनए काढत असतं. हा आरएनए प्रथिन बनवायला नसतोच. २४ अक्षरांची चिठ्ठी जुळवून बघायला काहीतरी समोर हवं, एवढ्यापुरताच तो असतो. चिठ्ठी जुळली की डीआरएम-२ हे विकर येऊन तिथे मिथाइल टाचतं.

म्हणजे एकाच मजकुराचे दोन वाचक. पॉल-२नं वाचलं तर उडीची तयारी, पॉल-४नं वाचलं तर तोंडाला कुलूप. मुलं विचारतात, ‘मॅडम, मग प्रतिलेखन चांगलं की वाईट?’ मी विचारते, ‘कुणी केलेलं?’

पण अगदी नव्या, अनोळखी घटकाला झाड पहिल्यांदा पकडतं कसं?

प्रश्न रास्त आहे, कारण पॉल-४ मुख्यतः तिथेच जातं जिथे हिस्टोनवर गप्प राहण्याची खूण आधीपासून आहे. नवख्या घटकावर ती नसते.

एव्हेडची हकिगत इथे उपयोगी पडते. हा घटक जागा करून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर नजर ठेवली गेली. सुरुवातीला झाड त्याचा पॉल-२नं काढलेला आरएनए पकडून आरडीआर-६ मार्फत २१-२२ अक्षरांचे तुकडे करतं. त्याचा फारसा उपयोग होत नाही, आरएनए कवचात सुरक्षित राहतो आणि प्रती वाढत जातात. जीनोममध्ये साधारण ४० प्रती झाल्या की पारडं फिरतं. तुकडे २४ अक्षरांचे होऊ लागतात, एलटीआरवर मिथाइल बसतं आणि वाचनच बंद पडतं. भस्मासुराची गोष्ट आठवते. स्वतःच्या वाढीनंच पकडला जातो.

मक्यात दुसरा मार्ग दिसला. म्युटेटर या कट-पेस्टवाल्या घटकाची एक प्रत तुटून, उलटी-सुलटी जोडली जाऊन बसली आहे. तिचा आरएनए स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा होतो. पेशीला असा दुहेरी आरएनए दिसला की ती तो कापते आणि त्या तुकड्यांमुळे चालू असलेला म्युटेटर कायमचा गप्प होतो. या प्रतीचं नाव ‘म्युटेटर किलर’. सिनेमाचं वाटतं, पण खरंच तेच आहे.

ही जनुकं जागी कधी होतात?

झाड अडचणीत आलं की. तंबाखूतला टीएनटी-१ हा घटक जखमेनं, रोगकारकांच्या रेणूंनी, पेशींची भिंत विरघळवून प्रोटोप्लास्ट काढल्यानं जागा होतो. भातातला टॉस-१७ टिश्यूकल्चरमध्ये जागा होतो. जपानी संशोधकांनी त्याचाच फायदा घेऊन निप्पॉनबारे या वाणाची हजारो उत्परिवर्तित रोपं तयार केली, ज्यांत टॉस-१७ वेगवेगळ्या जनुकांत बसलेला आहे.

सगळ्यात नीट उलगडलेलं उदाहरण म्हणजे अराबिडॉप्सिसमधला ‘ऑनसेन’. जपानीत ऑनसेन म्हणजे गरम पाण्याचा झरा. रोपं ३७ अंशांत दिवसभर ठेवली की याचं वाचन धडाक्यात सुरू होतं. (चंद्रपूरच्या मे महिन्यात ३७ अंशांना कुणीही ‘आज बरंय’ म्हणेल, पण विशीतल्या अंशांत वाढणाऱ्या या तणाला ते जिवावरचं असतं.) कारण त्याच्या एलटीआरमध्ये उष्णतेच्या धक्क्याला धावून येणाऱ्या प्रथिनांची बसायची जागा आहे. झाडाने स्वतःच्या बचावासाठी उठवलेली माणसं या घटकालाही उठवून जातात. आरएनए बनतो, त्यावरून गुणसूत्राबाहेरचा डीएनएही बनतो. तरी धडधाकट झाडाच्या पुढच्या पिढीत नव्या प्रती सहसा दिसत नाहीत. पॉल-४ बिघडवलेल्या झाडांत मात्र दिसतात, भरपूर.

भातातला एमपिंग हा अवघ्या ४३० अक्षरांचा कट-पेस्टवाला. तो एखाद्या जनुकाच्या शेजारी बसला की ते जनुक थंडी आणि खारेपणा यांना प्रतिसाद द्यायला लागू शकतं.

परागकणात ती मुद्दाम जागी केली जातात, हे खरं का?

‘मुद्दाम’ हा शब्द मी जपून वापरेन. परागकणात दोन पुंयुग्मकं (नराच्या जननपेशी) असतात आणि एक शाकीय केंद्रक. हे केंद्रक पुढच्या पिढीत जात नाही. अराबिडॉप्सिसमध्ये त्यात डीडीएम-१ नसतं, घटक वाचले जातात, आणि त्यांचे २१ अक्षरांचे तुकडे शेजारच्या पुंयुग्मकांत सापडतात. म्हणजे ज्याला वारस नाही त्यानं गोंधळ घालून घ्यायचा आणि चिठ्ठ्या वारसांकडे पाठवायच्या, असा अर्थ २००९ साली मांडला गेला.

आरएनए दिसला म्हणजे उडी झालीच ना?

नाही, नाही आणि नाही. मधे प्रथिन बनणं, कवच, उलटं लेखन, केंद्रकात प्रवेश, जोडणी एवढे टप्पे आहेत आणि प्रत्येकावर गळती आहे. शिवाय पुष्कळदा दिसणारा आरएनए त्या घटकाच्या बटणावरून आलेलाच नसतो. शेजारचं जनुक वाचता वाचता पॉलिमरेज थांबायचं विसरतं आणि घटकाच्या अंगावरून पुढे जातं. किंवा घटक जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (स्प्लायसिंगमध्ये कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) बसलेला असतो. वाचन सुरू कुठून झालं हे दाखवल्याशिवाय ‘घटक सक्रिय आहे’ असं लिहू नका.

प्रयोगशाळेत मोजताना सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

माझी स्वतःची सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका घटकाचा आरएनए शोधताना जेलवर असा ठळक पट्टा आला की मी लॅबभर पेढे वाटले. आमच्या सरांनी पेढा घेतला, फोटो बघितला आणि विचारलं, ‘आरटी न घातलेली नळी कुठंय?’ (आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. ते नसेल तर आरएनएवरून पट्टा येऊच शकत नाही.) ती मी लावलीच नव्हती. लावली, तर त्यातही तितकाच ठळक पट्टा. साध्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, तिथे चिमूटभर डीएनए राहून गेला तरी चालून जातं. ज्याच्या शेकडो-हजारो प्रती आहेत, तिथे तोच चिमूटभर डीएनए आरएनएचं सोंग घेऊन उभा राहतो. डीएनेजची (डीएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया दोनदा करा आणि ती नळी विसरू नका.

आरएनए-सेक (नमुन्यातल्या सगळ्या आरएनएचा क्रम यंत्रावर वाचणं) करत असाल तर दुसरा घोळ: आखूड रीड, म्हणजे यंत्रानं वाचलेले छोटे तुकडे, एकसारख्या अनेक प्रतींना जुळतात. बरेच जण असे रीड सरळ टाकून देतात, म्हणजे सगळ्यात तरुण, सगळ्यात सक्रिय घटकच हिशेबातून जातात. लांब रीड काढणारी यंत्रं आल्यापासून हे बरंच सुधारलं आहे. पॉली-ए (आरएनएच्या शेवटची ‘ए’ अक्षरांची शेपटी) निवडून काढलेल्या नमुन्यात पॉल-३चे आरएनए नीट येतील अशीही आशा ठेवू नका.

नाशिकच्या द्राक्षांशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो रोज खाण्यात येतो. द्राक्षाची साल रंगवायला एमवायबी-ए-१ नावाचं जनुक लागतं. जगभरच्या बहुतेक पांढऱ्या वाणांत त्याच्या प्रमोटरमध्ये ‘ग्रेट-१’ हा जिप्सी घटक बसलेला आहे. त्यामुळे ते वाचलं जात नाही. शेजारचं जोडीदार जनुकही छोट्या उत्परिवर्तनांनी निकामी आहे. म्हणून द्राक्ष पांढरं. इटालिया या पांढऱ्या वाणाच्या एका फांदीवर लाल घड आले आणि त्यातून रुबी ओकुयामा हा वाण निघाला. तिथे ग्रेट-१ निघून गेला होता, मागे फक्त एक सुटा एलटीआर उरला होता. काळ्या-लाल द्राक्षातून पांढरं आणि पांढऱ्यातून परत लाल, हे सगळं एका घटकाच्या बसण्या-उठण्यावर.

सिसिलीच्या रक्तसंत्र्यात उलटं झालं. ‘रुबी’ जनुकाशेजारी कोपिया घटक बसला आणि त्याच्या एलटीआरनं जनुकाला नवं बटण पुरवलं. ते थंडीत दाबलं जातं, म्हणून रात्री गार असल्याशिवाय गर लाल होत नाही. नागपुरी संत्र्याचा केशरी रंग कॅरोटिनॉइडचा, त्याचा इथे संबंध नाही.

लांबट टोमॅटोचं कारण तर निव्वळ वाचनातली चूक. ‘रायडर’ घटक वाचताना यंत्रणा शेवटी थांबली नाही, शेजारचा मजकूरही आरएनएत आला आणि तो सगळा ऐवज ‘सन’ जनुकासकट दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसला. तिथे ते जनुक जास्त वाचलं जातं आणि फळ लांबतं.

टिश्यूकल्चरची काही रोपं बिघडतात ती यामुळेच का?

‘यामुळेच’ असं सरसकट म्हणता येणार नाही. केळीच्या बागेत मधूनच एखादं खुजं किंवा वेगळ्या पानाचं रोप निघतं, त्याची कारणं अनेक असू शकतात. तेलताडाचं मात्र पक्कं माहीत आहे. मलेशियात टिश्यूकल्चरच्या तेलताडांना कधीकधी ‘मँटल्ड’ म्हणजे झूल पांघरल्यासारखी विकृत फळं येत आणि तेल घटे. २०१५ साली कारण सापडलं. फुलाच्या एका जनुकाच्या इंट्रॉनमध्ये ‘कर्मा’ नावाचा लाइन गटातला (कॉपी-पेस्टवाल्यांचाच एक गट) घटक आहे. संवर्धनात त्याच्यावरचं मिथाइल गेलं की आरएनएचं स्प्लायसिंग चुकून कर्मात शिरतं आणि संदेश अर्धवट तुटतो. मिथाइल शाबूत असेल तर ‘गुड कर्मा’, गेलं तर ‘बॅड कर्मा’, असं संशोधकांनीच लिहिलं आहे. रोप लहान असताना पानावरून हे तपासता येतं, लागवडीनंतर फळाची वाट बघत बसावं लागत नाही.

हे सगळं ‘जंक डीएनए’च ना?

मला ‘जंक’ही पटत नाही आणि ‘निसर्गाचा खजिना’ही. बहुतेक प्रती मेलेल्या, मोडक्या आहेत. काही मोजक्या झाडानं घरात घेतल्या. अराबिडॉप्सिसला प्रकाश ओळखायला मदत करणारी एफएचवाय-३ आणि एफएआर-१ ही प्रथिनं एका म्युटेटरसारख्या घटकाच्या जुन्या कात्रीपासून आलेली आहेत.

घरच्या घरी काही बघता येईल?

हा काकूंचा प्रश्न. गुलबक्षी बघा. एकाच झुडपावर पिवळी फुलं, त्यांवर लाल फराटे, कधी अर्धं फूल लाल. गुलबक्षीचा लाल रंग बनवायला एक विकर लागतं. अशा ठिपकेदार-पट्टेदार झाडांत त्या विकराच्या जनुकात ट्रान्सपोझॉन बसलेला आढळला आहे, म्हणून पाकळी पिवळी. कळी घडताना एखाद्या पेशीतून तो निघाला की तिथून पुढे लाल फराटा. संध्याकाळी फुलं उमलली की दहा-बारा शेजारी शेजारी ठेवा. रुंद पट्टा असेल तिथे उडी लवकर झाली होती, बारीक ठिपका असेल तिथे अगदी शेवटी.